अडकले नाहीत, अडकवलेत

हावड्याला उतरले तेव्हा ईशूच्या एकाच पायात चप्पल होती. दुसरी कुठे गेली विचारलं तर म्हणाली, "पडली." मी म्हटलं पडली का टाकलीस, तर तिने तोंड फिरवलं, म्हणजे टाकलीच, खिडकीच्या गजातून हात घालून बरोबर टाकली असणार. ईशू माझी मुलगी, तीन वर्षांची. तिचं सगळं असंच असतं, दूध सांडतं, वाटी फुटते, भिंतीवर रेघ उमटते, ही बिचारी नुसती बाजूला उभी असते. मी दिवसभर एकच विचारत असते, पडलं का पाडलंस.

तर एक चप्पल, एक पिशवी, पाठीला सॅक आणि कडेवर पोर, अशी मी त्या एवढ्या मोठ्या स्टेशनात उभी. मला चिपळूणच्या स्टँडवरसुद्धा गाडी चुकेल म्हणून घाम फुटतो. मुंबईच्या पलीकडे कधी गेले नव्हते आणि मुंबईलाही एकदाच, ह्यांना सोडायला. बाहेर सगळ्या पाट्या टोकदार बंगाली अक्षरांच्या. नववीपर्यंत जे काय वाचायला शिकले ते इथे काही उपयोगाचं नाही असं वाटलं.

का गेले ते सांगते. माझा नवरा संदेश बोटीवर ऑईलर आहे, म्हणजे खाली इंजिनखोलीत यंत्रांना तेलपाणी बघणारा. आमच्या खाडीकाठच्या गावात बोटीवरची माणसं पुष्कळ, त्यात काही विशेष नाही. ह्यांची बोट गहू घेऊन चालली होती, युद्ध चालू आहे तिथल्या समुद्रातून, आणि हत्यारं घेतलेली माणसं लहान होड्यांतून आली, बोटीवर चढली आणि बोट माणसांसकट घेऊन गेली. कुठलं युद्ध आणि कुणी नेलं ते इथे लिहीत नाही. माणूस अजून त्यांच्या हातात आहे, नाव घेऊ नका असं आम्हाला सांगितलंय.

कंपनीला फोन केला की ते म्हणायचे बोलणी चालू आहेत. परत केला की परत तेच. मग बोटीवरच्या माणसांच्या घरच्यांचा मोबाईलवर ग्रुप झाला आणि त्यात मला मासिमा भेटल्या. हावड्याच्या. त्यांचा मुलगा बापी ह्यांच्याच बोटीवर फिटर आहे. मासिमा म्हणजे मावशी, त्यांना सगळेच मासिमा म्हणतात. त्या बंगालीतून बोलून पाठवायच्या, मी मराठीतून, मधे मधे दोघींची मोडकी हिंदी, आणि तरी कळायचं.

त्यांनीच सांगितलं की कोलकात्यात माणसांच्या हक्कांसाठी काम करणारी एक संस्था आहे, ती त्या युद्धाच्या भागात औषधं पाठवते. आपली माणसं ज्यांनी धरलीत ते सरकारचं ऐकत नाहीत, कंपनीचं ऐकत नाहीत, पण ह्या संस्थेचं ऐकतात, कारण त्यांच्यावर जेव्हा बाँब पडत होते तेव्हा ही संस्था त्यांच्या बाजूने बोलली. आता औषधांबरोबर संस्था एक मोठं पत्र पाठवणार आहे. सभेत सगळ्यांसमोर वाचून पास करणार. "त्यात आपलं नीट नाही लिहिलं," मासिमा म्हणाल्या. "मी एकटी जाऊन आले. म्हातारी रडते म्हणून चहा देतात. तू ये."

सासूबाई म्हणाल्या, "अगो, पोरीला घेऊन एवढ्या लांब? तिथे तुझ्याशी बोलणार कोण?"

मी म्हटलं, "ते बघू. माझं बोलून झालं पाहिजे."

हे मी बोलले खरी, पण बोलताना पिशवीच्या बंदाला गाठ मारत होते आणि ती काही बसत नव्हती.

खिदिरपूर

स्टेशनावर मला घ्यायला विद्याताई आल्या होत्या. संदेशची आत्तेबहीण, त्यांचे मिस्टर कस्टममध्ये, बदली होऊन इथे आले ते बरीच वर्षं इथेच. गोदीच्या जवळ सरकारी क्वार्टर. त्यांनी मला बघितलं, ईशूचे पाय बघितले आणि पहिलं काय केलं तर फुटपाथवरून चप्पल घेतली, लाल, पीं पीं वाजणारी. पुढचे सगळे दिवस आम्ही कुठेही गेलो की आधी आवाज पोचायचा.

त्यांच्या घरात पाय ठेवला आणि गोड्या मसाल्याचा वास आला, मला रडू फुटायचं तेवढं बाकी होतं. मागच्या गॅलरीतून गोदीच्या क्रेन दिसतात आणि क्रेनच्या मधून बोटीचा एक तुकडा. ईशू म्हणाली, "बाबाची बोट." मी म्हटलं नाही, दुसऱ्या बाबांची. ती म्हणाली, "मग ते बाबा कुठेत?" विद्याताई म्हणाल्या, "जेवायला गेलेत, चल तू पण."

त्यांची मुलगी रेवा कॉलेजात आहे, जन्मापासून इथेच. ती मराठी बोलते पण ऐकून गंमत वाटते. मला म्हणाली, "मामी, पाणी खाणार?" मी म्हटलं खाईन की, ताटात वाढ. विद्याताई हसून म्हणाल्या, "इथे पाणी पण खातात आणि सिगरेट पण खातात, तू लक्ष देऊ नको." रेवा म्हणाली, "आई, मी रागावली जाईन हां," तर ते पण चुकलंच.

पण ही रेवाच माझं तोंड झाली, तिच्याशिवाय काही झालं नसतं.

दुपारी तिने ते पत्र वाचून दाखवलं. मासिमांनी कच्चा कागद मिळवून मोबाईलवर फोटो पाठवला होता. बंगालीत होतं. रेवा वाचायची आणि मराठीत सांगायची. मी ईशूला मांडीवर थोपटत ऐकत होते. वरती सगळं त्या लोकांचं. घरांवर बाँब टाकले. दवाखाना पाडला. पाणी तोडलं. मुलांना उपाशी ठेवलं. ऐकवत नव्हतं. मी रेवाला म्हटलं जरा थांब, आणि पाणी प्यायले. मग शेवटी, अगदी शेवटी, दोन ओळी. रेवा म्हणाली, "आणि ह्या दुःखाच्या दिवसांत जहाजावरचे काही कामगारही तिथे अडकून पडले आहेत, ते लवकर घरी जावोत."

मी म्हटलं, "परत वाच."

तिने परत वाचलं.

"अडकून पडलेत असं आहे? का तू असं सांगतेस? कारण तुझं मराठी म्हणजे..."

"मामी, तसंच आहे. आटके पोडेछे. पोडेछे म्हणजे पडले."

"आणि वरती? बाँब पडले असं आहे का टाकले असं आहे?"

तिने बोट ठेवून बघितलं. "टाकले. फेलेछे. टाकले."

"दवाखाना पडला का पाडला?"

"पाडला."

ईशू झोपली होती, तिच्या पायात ती वाजणारी चप्पल तशीच. वरती सगळीकडे कोणीतरी केलेलं होतं, आणि आमच्याकडे आल्यावर आपोआप झालेलं. जसं काही संदेश आणि बापी पावसात गाडी बंद पडून कुठे धर्मशाळेत बसलेत. मी रेवाला विचारलं, धरून ठेवलंय याला काय म्हणतात बंगालीत. ती म्हणाली, "आटके रेखेछे. रेखेछे म्हणजे ठेवलंय."

पोडेछे, रेखेछे. मी हे भाकरी थापताना, वेणी घालताना म्हणत राहिले. मला कधी कविता पाठ झाली नाही, पण हे झालं.

हावडा

दुसऱ्या दिवशी मासिमांकडे. खिदिरपूरहून बसने बाबूघाट आणि तिथून नदीतून होडीने पलीकडे हावडा. आमच्याकडे खाडीत पण होडी चालते म्हणून मी जरा ऐटीत चढले, म्हटलं पाण्याचं मला काय सांगता. पण आमचं पाणी हिरवं, त्याला खारा वास, आणि ही नदी चहासारखी, वासच नाही, झेंडूच्या माळा वाहतायत, आणि केवढी रुंद. आणि ऐटीत चढल्यामुळे चुकीच्या होडीत चढलो, दुसऱ्याच घाटाला लागलो. रेवा म्हणाली, "मामी, मी बोलली होते." नव्हती बोलली. मोबाईलमध्ये बघत होती.

मग चालत. दोन्ही बाजूंना लहान लहान कारखाने, लोखंडाचा कीस रस्त्यावर चमकतोय, पीं पीं करत आम्ही चाललोय आणि लेथवरची माणसं मान वर करून बघतायत.

मासिमा दारातच उभ्या होत्या. आवाजावरून मला वाटलं होतं मोठ्या धिप्पाड असतील, तर माझ्या खांद्याएवढ्या. त्यांनी ईशूला माझ्याकडून काढूनच घेतलं. मग माझ्या वेणीला हात लावून काहीतरी म्हणाल्या, त्यात चूल ऐकू आलं आणि सुंदर ऐकू आलं. मी म्हटलं आमच्याकडे आता गॅस आहे. रेवा हसून हसून खाली बसली. चूल म्हणजे त्यांच्यात केस. आणि मी गॅस आहे म्हटल्यावर मासिमा काय समजल्या देव जाणे, त्यांनी मला ओवा आणून दिला.

जेवायला रुई म्हणजे रोहू माशाचं कालवण, मोहरी वाटून. आमच्याकडे माशाला खोबरं आणि कोकम, ह्यांच्याकडे मोहरी, ती नाकात जाते आणि डोळ्यांतून निघते. डाळीत साखर होती. नदीचा मासा मला आधी मिळमिळीत वाटला, मग दुसऱ्यांदा मीच मागून घेतला. ईशूचे काटे मासिमा काढत होत्या, एकेक, बोटांनी चाचपून. आणि काढता काढता म्हणाल्या, बापीला अजून मीच काढून देते, एवढा घोडा झाला तरी. तिथे त्याला मासा देत असतील का, आणि देत असतील तर काटे?

मग त्यांनी माझ्या हातातल्या हिरव्या बांगड्या बघितल्या. त्यांच्या हातात तिथल्या सवाष्णींची शंखाची पांढरी आणि एक लाल. मी सांगितलं गावात बायका माझ्या हाताकडे बघतात हल्ली, तोंडाने विचारत नाहीत. त्या म्हणाल्या, "देखुक." बघू देत.

मग मी त्यांना पडलं आणि ठेवलं सांगितलं, रेवाच्या तोंडून. त्यांनी डोक्यालाच हात लावला. त्यांनी एवढ्यांदा तो कागद वाचला होता, आपलं नीट नाही हे त्यांना कळत होतं, काय नीट नाही ते बोटात सापडत नव्हतं. आता सापडलं. त्या लगेच उठल्या, साडी बदलली, म्हणाल्या, चल.

संस्थेचं ऑफिस

ऑफिस म्हणजे एका जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर दोन खोल्या, औषधांची खोकी छतापर्यंत रचलेली. तिथे दीपांकरदा भेटले, संस्थेचं तेच बघतात. पांढरी दाढी, कुडता, थकलेला माणूस. मला वाटलं होतं कोणीतरी उर्मट असेल, मी भांडायच्या तयारीने गेले होते. त्यांनी ईशूला बिस्कीट दिलं आणि माझ्यासाठी खुर्ची स्वतः पुसली. त्याने मला जास्त कठीण झालं.

भिंतीवर फोटो होते तिकडचे. एक बाई होती, तिच्या हातात चादरीत गुंडाळलेलं लहान मूल. ईशू म्हणाली, "बाळ झोपलंय?" मी हो म्हटलं. दीपांकरदांना मराठी येत नाही पण त्यांना कळलं, त्यांनी मान खाली घातली.

मी हिंदीत बोलायचा प्रयत्न केला. म्हटलं, दादा, आमच्या ओळीत पोडेछे आहे, तिथे रेखेछे करा. एवढंच.

त्यांनी दाढीवरून हात फिरवला. मग सावकाश, मला कळेल अशा हिंदीत सांगितलं. म्हणाले, बहिणी, मला माहीत आहे कोणी ठेवलंय. पण आपण तसं लिहिलं तर दोन गोष्टी होतील. जे बाँब टाकतायत ते आपलाच कागद नाचवतील, की बघा, ह्यांचे मित्रसुद्धा ह्यांना डाकू म्हणतात, आता टाकू द्या आणखी. आणि दुसरं म्हणजे तिकडचे लोक आमची औषधं घ्यायचे थांबतील. ही खोकी बघ. ही त्या मुलांची आहेत.

मी म्हटलं, "माझ्या नवऱ्याने बाँब नाही टाकला. तो इंजिनाला तेल घालतो."

ते म्हणाले, "तुमच्याबद्दल बोलणारे पुष्कळ आहेत. टीव्ही आहे, सरकार आहे. त्या मुलांबद्दल कोण बोलतं?"

टीव्ही बोलला होता, पहिले काही दिवस. मग दुसरं काहीतरी आलं. पण हे सगळं हिंदीत कसं सांगायचं ते जुळेपर्यंत त्यांचा फोन वाजला. ते म्हणाले, "समितीपुढे ठेवतो. सभेला या. तुमच्या माणसांची नावं मी पत्रात घालतो, एवढं मी स्वतः करतो."

जिन्यात मासिमा म्हणाल्या, नावं दिली, क्रियापद नाही दिलं. म्हणजे रेवाने असं सांगितलं. मासिमा काय म्हणाल्या असतील ते तसंच असेल, त्या आधी शाळेत शिकवत होत्या.

एक फोन

त्याच दिवशी विद्याताईंकडे असताना एका माणसाचा फोन आला. माझा नंबर कुठून मिळाला कोण जाणे. शुद्ध हिंदी. म्हणाला आमची पण संस्था आहे, त्या भामट्यांसारखी नाही, आम्ही तुम्हाला स्टेजवर बसवतो, मुलीला घेऊन या, तुमच्या नवऱ्याचा मोठा फोटो करतो, खाली लिहितो राक्षसांच्या तावडीत. खरं सांगते, मला मोह झाला. इतक्या दिवसांत कोणीतरी म्हणत होतं की धरलंय.

मी विचारलं, "आणि तिथे जी मुलं मेली बाँबने, त्यांचं पण बोलणार का तुम्ही?"

तो म्हणाला, "वहिनी, त्यांच्याबद्दल बोलणारे पुष्कळ आहेत."

शब्दाला शब्द तेच. एकाने इकडे तोंड करून म्हटलं होतं, दुसऱ्याने तिकडे. मी म्हटलं मला नाही जमणार यायला. तो म्हणाला, "म्हणजे नवऱ्याची काळजी नाही?" मी फोन बंद केला.

विद्याताईंनी विचारलं कोण होतं. मी सांगितलं. त्यांचे मिस्टर पेपरातून मान वर काढून म्हणाले, हे बघ, उद्या त्या सभेला रेवाने जाऊ नये असं मला वाटतं, मी सरकारी नोकर आहे. विद्याताई म्हणाल्या, "तुम्ही आहात ना सरकारी? तुम्ही नका जाऊ. आम्ही बिनसरकारी जातो." आणि दुसऱ्या दिवशी त्या पण निघाल्या.

सभा

सभा एका वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये होती. पंखे फिरत होते पण हवा लागत नव्हती. माणसं बरीच, शिकलेली दिसत होती, झोळ्या, चष्मे, मातीच्या कपात चहा. आम्ही शिरलो आणि पीं पीं पीं पीं, सगळ्यांनी वळून बघितलं. मी ईशूच्या चपला काढून पिशवीत टाकल्या. आम्ही भिंतीकडेला बसलो, एका बाजूला मासिमा, एका बाजूला रेवा, पाठीमागे विद्याताई.

दीपांकरदा वाचायला उभे राहिले. मला शब्द कळत नव्हते पण कुठे काय चाललंय ते कळत होतं, कारण रेवाने वाचून वाचून मला तो कागद पाठच झाला होता. हे घरांचं. हे दवाखान्याचं. हे पाण्याचं. हॉल अगदी शांत होता. पुढच्या रांगेतल्या एक म्हाताऱ्या बाई डोळे पुसत होत्या. मग शेवट आला. त्यांनी शब्द पाळला होता, नावं घातली होती. सगळ्यांची. बापीचं नाव आलं आणि मासिमांनी माझा हात धरला. मग संदेशचं. आमच्या घरचं आडनाव त्या एवढ्या लांबच्या हॉलमध्ये परक्या तोंडून ऐकलं तेव्हा मला वाटलं एवढं पुरे, नाव घेतलं, आता गप्प बसावं.

आणि ते पुढे वाचून गेले, आटके पोडेछे.

मी कधी उभी राहिले मला आठवत नाही. ईशू कडेवर होती, ती माझं मंगळसूत्र तोंडात घालत होती. माझा आवाज निघाला तो इतका बारीक की मलाच ऐकू आला. मग परत काढला.

"पोडेनि," मी म्हटलं. "रेखेछे."

पडले नाहीत. ठेवलेत. माझं सगळं बंगाली तेवढंच.

माना वळल्या. मागून एकजण काहीतरी बोलला आणि दोघं तिघं कुजबुजले. मी रेवाला म्हटलं काय म्हणतात. ती सांगायला तयार नव्हती. मी म्हटलं सांग. "म्हणतो, हिला कोणी पाठवलं."

मी त्या माणसाकडे बघून म्हटलं, "मला मासिमांनी बोलावलं." मासिमा शेजारून हात वर करून म्हणाल्या, "आमि." मी. तर पुढच्या बाई हसल्या, आणि मग मला थोडा श्वास आला.

मग मी मराठीतच बोलले, हिंदी जुळवत बसले असते तर परत फोन वाजला असता. रेवा उभी राहून सांगत गेली. मी म्हटलं, तुम्ही वरती जे लिहिलंय ते सगळं खरं आहे, त्यातला एक शब्द कमी करू नका. मी तो फोटो बघितलाय. त्या बाळावर बाँब पडला असं तुम्ही नाही लिहिलं. टाकला असं लिहिलंत. बरोबर लिहिलंत. पडला म्हणलात तर तो कोणीच टाकला नाही असं होतं, आणि त्या बाईला ते चालणार नाही. मग मला कसं चालेल? ही माझी मुलगी वाटी फोडते आणि फुटली म्हणते, ती तीन वर्षांची आहे. तुम्ही एवढे शिकलेले. मी तुम्हाला राक्षस लिहा म्हणत नाही, डाकू लिहा म्हणत नाही. तसं लिहिणाऱ्यांनी मला फोन करून बोलावलं होतं, त्यांच्याकडे मी गेले नाही. मी इथे आले कारण ज्यांनी धरलंय ते तुमचं ऐकतात. माझं ऐकत असते तर मी घरूनच ओरडले असते.

रेवा शेवटचं सांगताना अडखळली, तिचे डोळे भरले होते. आणि तिने स्वतःच्या मनचं आणखी काही घातलं की नाही मला माहीत नाही.

दीपांकरदा कागद धरून उभे होते. मागचा तो माणूस उठून म्हणाला की असं लिहिणार असाल तर माझी सही नाही, आणि तो गेला, त्याच्याबरोबर आणखी काही जण गेले. मग पुढच्या त्या म्हाताऱ्या बाई बसल्या जागेवरून म्हणाल्या, "ठीकई तो बोलछे." एवढं मला कोणी सांगावं लागलं नाही.

दीपांकरदांनी खिशातून पेन काढलं. खोडलं, वर लिहिलं. आणि परत वाचलं, नावं सगळी पहिल्यापासून, आणि शेवटी, आटके रेखेछे. ह्यांना धरून ठेवलं आहे. ह्यांना सोडा.

खाली उतरताना ते माझ्या बरोबर आले. म्हणाले, "बहिणी, तू बरोबर बोललीस. पण आता त्यांनी औषधं परत पाठवली तर ते पण आपण दोघांनी केलेलं असेल. एवढं लक्षात ठेव."

मी त्यांना हो म्हटलं, आणि ते मी विसरलेले नाही. घरी आल्यावर कितीतरी दिवस मला ती खोकी दिसायची, कुठल्यातरी बंदरावर उन्हात पडलेली. पडलेली नाही, ठेवलेली. मीच ठेवलेली. मी सासूबाईंना म्हटलं पण, माझ्या एका शब्दापायी कोणाच्या पोराचं औषध राहिलं तर? त्या म्हणाल्या, "अगो, शब्द खरा होता ना?" खरा होता. तरी दिसायची.

परत

निघताना मासिमा स्टेशनात आल्या, डब्यात लुची म्हणजे मैद्याच्या पुऱ्या आणि बटाट्याची भाजी घेऊन. मी वाकून नमस्कार केला आणि म्हटलं, जाते मासिमा. तर त्यांनी माझ्या तोंडावरच हात ठेवला. जाते म्हणायचं नसतं त्यांच्यात, आशि म्हणायचं, येते. मी म्हटलं आमच्यात पण येतेच म्हणतात, मी घाईत विसरले. संदेश निघाला तेव्हा त्याने दारात चप्पल घालता घालता "येतो" म्हटलं होतं. बापी पण "आशि" म्हणून गेला, मासिमा म्हणाल्या. गाडी हलल्यावरही त्या खिडकीशी चालत होत्या.

त्याला आता बरेच दिवस झाले. गावातल्या आणखी दोघी आहेत ज्यांची माणसं त्या बाजूच्या समुद्रात जाणार आहेत, त्या म्हणाल्या तू गेलीस ते लिही, कोणाकडे जायचं, कसं बोलायचं, म्हणून लिहितेय.

परवा रेवाचा फोन आला. औषधं त्यांनी घेतली. सगळी खोकी. मी तिथेच ओट्याला धरून उभी राहिले. आणि पत्राचं उत्तर पण आलंय दीपांकरदांकडे, छोटंसं. नावं सगळी लिहिलीत, एकही गाळलेलं नाही, संदेशचं जरा चुकीचं लिहिलंय पण आहे, आणि खाली लिहिलंय की हे सगळे बरे आहेत आणि आमचे अतिथी आहेत.

"अतिथी म्हणजे पाहुणे, मामी," रेवा म्हणाली, मला जसं काही माहीत नाही.

सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली. बरे आहेत, एवढं पहिल्यांदा लेखी आलं. मी रडून घेतलं, मागच्या दारी, ईशूला दिसणार नाही असं. मग तोंड धुतलं आणि मासिमांना फोन लावला. त्यांचं पण रडून झालं होतं, आवाजावरून कळत होतं. त्या म्हणाल्या, ओतिथि? मी म्हटलं, हो ना. मग मला म्हणाल्या, सांग, आता काय लिहायचं.

मी रेवाला परत फोन केला आणि सांगितलं, हे लिहून घे आणि दीपांकरदांना दे, आणि मी सांगते तसंच लिही, शब्द बदलू नको. पाहुणे म्हणालात, चांगलं झालं. आमच्याकडे आणि मासिमांकडे पण पाहुणा जेवून उठतो, दारात चप्पल घालतो आणि येतो म्हणून निघतो. आमच्या पाहुण्यांना तेवढं म्हणू द्या.